प्रतिरक्षा कोशिकांतील ग्राही आणि संधिवाताभ संधिशोथ

प्रतिरक्षा कोशिकांतील ग्राही आणि संधिवाताभ संधिशोथ : रोगजंतूंपासून शरीराचे रक्षण करणाऱ्या कोशिकांच्या (पेशींच्या) पृष्ठभागावर किंवा अंतर्भागात काही विशिष्ट आकाराची प्रथिने असतात. बाहेरून येणाऱ्या ठराविक रेणूशी ती कुलपाशी किल्ली जुळावी तशी जुळतात आणि त्या जुळणीची वर्दी कोशिकेच्या आत पोहोचवितात. या प्रथिनांना ‘ग्राही’ म्हणतात. संधिवाताभ संधिशोथ या रोगात हेच ग्राही स्वतःच्या शरीरातील घटकांना परके समजून, किंवा अकारण चालू राहिलेल्या संदेशांना दाद देऊन, सांध्यांतील शोथ (दाहयुक्त सूज) वर्षानुवर्षे धुमसत ठेवतात. हा संबंध उलगडण्यास विसाव्या शतकाचा बहुतेक काळ लागला. त्या इतिहासातील काही पाने मुंबईच्या उपनगरांत, गोरेगाव व मुलुंड येथे, लिहिली गेली आहेत.

या रोगात हातापायांच्या बोटांचे, मनगटांचे व इतर लहानमोठे सांधे बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच सुजतात. सकाळी उठल्यावर सांधे तासभर किंवा त्याहून अधिक काळ आखडलेले राहतात. सांध्याच्या आतील नाजूक अस्तर, म्हणजे संधिकला, जाड होऊन वाढू लागते व लगतच्या उपास्थीला (कूर्चेला) आणि अस्थीला पोखरते. उपचार न झाल्यास बोटे वाकडी होतात व पाणी शेंदणे, पीठ मळणे, गुंडी लावणे यांसारखी साधी कामेही अशक्य होतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा रोग सु. तिप्पट आढळतो. पुण्याच्या संधिरोग केंद्रातील अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या या पाहणीत चार हजारांहून अधिक प्रौढ व्यक्ती तपासण्यात आल्या. त्यांपैकी सु. १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू व हाडे यांसंबंधीची काही ना काही तक्रार होती, तर संधिवाताभ संधिशोथाचे प्रमाण सु. ०·५ टक्का होते. पाश्चात्त्य देशांतील प्रमाण याच्या जवळपासच आहे. हा रोग थंड हवेचा किंवा शहरी सुखवस्तू लोकांचा आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

पूर्वेतिहास : माधवकर यांच्या माधवनिदान या ग्रंथात (सातवे-आठवे शतक) ‘आमवात’ या विकाराला स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. अपक्व अन्नरस (आम) व वात हे दोन्ही प्रकुपित होऊन सांध्यांत शिरतात, हातपाय व घोटे यांना वेदनायुक्त सूज येते, अंग जड होते व ज्वर येतो, असे त्यातील वर्णनाचे सार आहे. आमवातात आजच्या वर्गीकरणातील एकाहून अधिक रोग सामावलेले असावेत. तरीही सांध्याचा रोग हा केवळ सांध्याचा नसून सर्व शरीराचा आहे, ही त्यातील दृष्टी लक्षणीय आहे. यूरोपात लांद्रे-बोव्हे या फ्रेंच वैद्याने १८०० साली पॅरिसमधील नऊ स्त्री-रुग्णांचे वर्णन करून हा विकार नेहमीच्या गाऊटहून वेगळा असल्याचे सुचविले. ॲल्फ्रेड गॅरड या इंग्रज वैद्यांनी १८५९ मध्ये त्याला आजचे नाव दिले. गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात यूरिक अम्ल वाढलेले असते व या रुग्णांच्या रक्तात ते नसते, हे दाखवून त्यांनी त्या भेदाला रासायनिक आधारही दिला.

यानंतर बराच काळ दात, टॉन्सिल किंवा आतडी यांत दडलेल्या जंतूंवर या रोगाचे खापर फोडले जात होते. असंख्य रुग्णांचे निरोगी दात त्या पायी उपटले गेले. क्षयाशी या रोगाचे नाते असावे अशा समजुतीने झाक फॉरेस्त्ये यांनी १९२९ मध्ये सोन्याची लवणे वापरली. समजूत चुकीची होती. औषध मात्र काही रुग्णांना लागू पडले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ वापरात राहिले.

ग्राहीची कल्पना : १८९७ मध्ये पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञांनी घटसर्पाच्या विषावरील प्रतिविषाचा अभ्यास करताना असे प्रतिपादन केले की, कोशिकेच्या पृष्ठभागावर बाजूस फुटलेल्या शाखांसारखे रेणू असतात व विष त्यांनाच चिकटते. चिकटलेल्या शाखांच्या जागी कोशिका नव्या शाखा अधिक संख्येने तयार करते. या जादा शाखा सुटून रक्तात आल्या म्हणजे त्यांनाच प्रतिपिंडे म्हणावयाचे. १९०० पासून त्यांनी या शाखांसाठी ग्राही या अर्थाची संज्ञा योजिली. शरीर स्वतःविरुद्ध प्रतिपिंडे तयार करीत नाही, स्वविषबाधेचे त्याला भय वाटते, असेही त्यांचे मत होते. त्यांच्या अधिकारामुळे या मताला नियमाचे स्वरूप आले आणि आत्मप्रतिरक्षाजन्य रोगांचा (स्वतःच्याच ऊतकांवर प्रतिरक्षा यंत्रणा उलटल्याने होणाऱ्या रोगांचा) विचार निदान पन्नास वर्षे मागे पडला. ज्या कल्पनेने पुढे हा रोग उलगडला ती, आणि ज्या समजुतीने तो उलगडू दिला नाही ती, अशा दोन्ही एकाच प्रयोगशाळेतून निघाल्या.

एरिक वॉलर यांना ऑस्लो येथे आढळलेली व त्यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेली घटना या दृष्टीने महत्त्वाची ठरली. मेंढीच्या तांबड्या कोशिकांवर सशाची प्रतिपिंडे बसवून त्यांत संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णाचा रक्तरस मिसळला असता त्या कोशिकांच्या गुठळ्या झाल्या. अमेरिकेत हॅरी रोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे हेच पाहिले. रक्तरसातील या द्रव्यास ‘संधिवाताभ घटक’ असे नाव मिळाले. हेन्री कुंकेल यांच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेत १९५७ च्या सुमारास ते स्वतःच एक प्रतिपिंड असून दुसऱ्या प्रतिपिंडाच्या देठाला चिकटते, असे आढळून आले. म्हणजे रुग्णाचे शरीर आपल्याच प्रतिपिंडांविरुद्ध प्रतिपिंडे बनवीत होते. अशा दोन प्रतिपिंडांची जुळी सांध्यात साचतात. महाभक्षी कोशिकांवर प्रतिपिंडाचा देठ ओळखणारे ग्राही असतात. ते त्यांना धरतात आणि त्या कोशिका शोथकारक द्रव्ये ओतू लागतात. हा घटक सु. ७० ते ८० टक्के रुग्णांत सापडतो. मात्र कुष्ठरोग, क्षय, काळा आजार इ. दीर्घकालीन संसर्गांतही तो आढळत असल्यामुळे भारतात केवळ त्या चाचणीवरून निदान करणे धोक्याचे असते. चिकुनगुन्या ज्वराच्या साथींनंतरही (बार्शी, १९७३, महाराष्ट्र व इतर राज्ये, २००६) कित्येक रुग्णांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले व या रोगाचा भास निर्माण झाला.

टी व बी या दोन प्रकारच्या लसीका कोशिका निरनिराळ्या आहेत हे १९६० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. बी कोशिकांचा ग्राही म्हणजे पृष्ठभागावर बसविलेले प्रतिपिंडच असते. टी कोशिकांचा ग्राही मात्र फार दिवस हाती लागत नव्हता. १९८४ मध्ये कॅनडातील टाक माक व अमेरिकेतील मार्क डेव्हिस यांच्या गटांनी त्याची जीने (जनुके) वेगळी केली. हा ग्राही परका रेणू मोकळा असताना ओळखत नाही. दुसऱ्या एखाद्या कोशिकेने त्या रेणूचा लहानसा तुकडा ताटात वाढल्याप्रमाणे आपल्या ऊतक-अनुरूपता प्रथिनात ठेवून पुढे केला, तरच तो ओळखतो. पीटर स्टॅस्नी यांनी १९७८ मध्ये यांपैकी डीआर४ हे प्रथिन या रोगाच्या रुग्णांत विशेष प्रमाणात असल्याचे दाखविले होते. १९८७ मध्ये ग्रेगरसेन, सिल्व्हर व विंचेस्टर यांनी रोगाशी निगडित असलेल्या निरनिराळ्या डीआर प्रथिनांची तुलना केली. त्या सर्वांत ‘ताटा’च्या काठाशी, ७० ते ७४ या स्थानांवर, ॲमिनो अम्लांची जवळजवळ एकच मालिका आहे, असे त्यांना दिसले. भारतीय वंशाच्या रुग्णांत केवळ डीआर४ शोधल्यास पुरेसे उत्तर मिळत नव्हते. त्यांच्यात डीआर१ व डीआर१० यांचेही साहचर्य आढळते. या दोन्हींत ती समान मालिका असल्यामुळे ही विसंगती दूर झाली.

त्या ताटात काय वाढले जाते, या प्रश्नाचे उत्तर १९९८ च्या सुमारास नेदरलँड्समधील संशोधनाने दिले. प्रथिनांतील आर्जिनीन या ॲमिनो अम्लाचे काही एंझाइमांमुळे सिट्रुलीन बनते व अशा बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे या रोगात विशेषत्वाने आढळतात. सांधे सुजण्यापूर्वी कित्येक वर्षे ती रक्तात असू शकतात. धूम्रपानाने फुप्फुसांत हा बदल वाढतो, तसेच हिरड्यांच्या एका रोगातील जंतूकडे असा बदल घडविणारे स्वतःचे एंझाइम असते. दडलेल्या जंतूंच्या जुन्या कल्पनेत सत्याचा अंश होता तो एवढाच. त्यासाठी दात उपटण्याची गरज नव्हती.

मुंबईतील पूर्वपीठिका : कोशिकांच्या पृष्ठभागावरील रेणूंचा अभ्यास मुंबईला अपरिचित नव्हता. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया यांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९५२ मध्ये ‘मुंबई रक्तगट’ प्रसिद्ध केला. या गटाच्या व्यक्तींच्या तांबड्या कोशिकांवर ए व बी या शर्करा-शृंखलांचा पायाच नसतो. १९५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्रातूनच पुढे परळ येथील प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था उभी राहिली. एखाद-दुसऱ्या शर्करेच्या अभावाने रेणूची ओळख कशी पालटते, याचे दुसरे उदाहरण १९८५ मध्ये ऑक्सफर्ड येथे मिळाले. संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णांत प्रतिपिंडांच्या देठावरील शर्करा-शृंखलेच्या टोकाची गॅलॅक्टोज शर्करा पुष्कळदा गळालेली असते, असे तेथे आढळले.

गोरेगाव व मुलुंड येथील औषध-संशोधन : स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी औषध कंपन्या भारतात बहुधा तयार द्रव्यांच्या गोळ्या बांधण्याचेच काम करीत. याला ठळक अपवाद म्हणून सीबा या स्विस कंपनीने १९६३ मध्ये गोरेगाव (पूर्व) येथे सुरू केलेल्या संशोधन केंद्राचा उल्लेख करावा लागतो. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून आलेले वनस्पतिरसायनज्ञ टी. आर. गोविंदाचारी हे त्याचे पहिले संचालक होते. वनस्पतींतील द्रव्ये व संश्लेषित (कृत्रिम रीत्या बनविलेली) संयुगे यांची प्राण्यांवर पद्धतशीर चाचणी येथे होत असे. येथे जन्मलेल्या संयुगांच्या सांकेतिक क्रमांकांना ‘गो’ हे अक्षर जोडले जाई. ते गोरेगावचे आद्याक्षर होय. खिन्नतेवरील नायट्रोक्झॅझेपीन व आमांशावरील सॅट्रानिडाझोल ही त्यांतील प्रत्यक्ष वापरात आलेली औषधे आहेत. केंद्राचा मुख्य भर परजीवीजन्य व मानसिक रोगांवर होता. सांध्यांच्या रोगावर तेथून औषध निघाले नाही. हे केंद्र पुढे बंद पडले, आणि मुंबईतील रसायनज्ञांच्या एका पिढीची शाळा त्याबरोबर गेली.

संधिवातावरील औषधांचा वारसा या कंपनीकडे आला तो दुसऱ्या मार्गाने. सीबा व गायगी यांचे १९७० मध्ये एकत्रीकरण झाले. गायगीने १९४९ मध्ये फेनिलब्युटाझोन प्रचारात आणले होते व तिच्याच रसायनज्ञांनी डायक्लोफिनॅक तयार केले होते. ही औषधे प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती थोपवितात. त्यामुळे वेदनेशी संबंधित ग्राहींना चेतविणारा संदेशच कमी होतो व सूज उतरते. परंतु लसीका कोशिकांच्या ग्राहींवर त्यांचा म्हणण्यासारखा परिणाम होत नसल्याने अस्थींची झीज चालूच राहते. वेदना थांबली म्हणजे रोग थांबला, असे समजून वर्षे घालविलेले रुग्ण आजही वैद्यांकडे येतात. डायक्लोफिनॅकची एक कथा सांध्यांच्या पलीकडची आहे. हे औषध दिलेल्या गुरांचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सिद्ध झाले. भारतातील गिधाडांच्या घटत्या संख्येकडे मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या निरीक्षकांनी त्यापूर्वीच लक्ष वेधले होते. २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली, तोवर मुंबईच्या डुंगरवाडीवरील आकाश रिकामे झाले होते.

मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्राचे कार्य ग्राहींच्या इतिहासाशी अधिक निकटचे आहे. येथे नोएल डिसूझा, सुजाता भट व त्यांचे सहकारी आयुर्वेदात व लोकव्यवहारात असलेल्या वनस्पतींची छाननी करीत होते. माईनमूळ (गुजरातीत गरमर) या तुळशीच्या कुलातील वनस्पतीच्या मुळ्या लोणच्यासाठी वापरतात. तिच्यापासून त्यांनी एक द्रव्य वेगळे केले व त्याची संरचना १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. हेच फोर्स्कोलीन होय. रक्तदाब उतरविणारे व हृदयाला बळ देणारे द्रव्य म्हणून त्याचा शोध लागला. त्याला कीर्ती मात्र मिळाली ती निराळ्याच कारणाने. १९८१ मध्ये अमेरिकेतील सीमन व डेली यांनी दाखविले की, हे द्रव्य कोणत्याही ग्राहीशी न जुळता थेट ॲडेनिलेट सायक्लेज या एंझाइमास चेतविते. अनेक ग्राही कोशिकेबाहेरील संदेश या एंझाइमामार्फत आत पोहोचवितात व त्यामुळे चक्रीय एएमपी हा ‘दुय्यम निरोप्या’ कोशिकेत वाढतो. दरवाजावरची घंटा न वाजविता घरातील माणसास उठविण्याची सोय झाली, असे म्हणता येईल. घंटा बिघडली आहे की घरातील माणूसच उठत नाही, हे त्यामुळे तपासता येऊ लागले. जगभरच्या प्रयोगशाळांत मुलुंडचे हे द्रव्य ग्राहींच्या अभ्यासाचे नित्याचे साधन बनले.

टी कोशिकेत चक्रीय एएमपी वाढले की तिचा ग्राही चेतविला जाऊनही ती आवेशाने विभाजन पावत नाही, आणि महाभक्षी कोशिका शोथकारक प्रथिने कमी स्रवतात. संधिवाताभ संधिशोथावरील आजच्या प्रमुख औषधाचे, मेथोट्रेक्सेटाचे, कार्य काही अंशी याच वाटेने चालते. फॉलिक अम्लाला विरोध करणाऱ्या या गटातील ॲमिनोप्टेरीन हे आधीचे द्रव्य अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने बनविले होते व १९५१ मध्ये ते संधिशोथाच्या रुग्णांवर प्रथम वापरले गेले. मेथोट्रेक्सेट अल्प मात्रेत दिल्यास कोशिकांबाहेर ॲडिनोसीन साचते. ते लसीका व महाभक्षी कोशिकांवरील ए२ए या ग्राहीशी जुळते आणि त्याच ॲडेनिलेट सायक्लेज एंझाइमास चालना देते. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्याने अस्थिमज्जा निकामी होऊन रुग्ण दगावल्याची उदाहरणे आहेत. चिठ्ठीवर वार स्पष्ट लिहिण्याचा आग्रह त्यामुळेच धरला जातो. चक्रीय एएमपी वाढविले की काम झाले, इतकी ही गोष्ट सरळ मात्र नाही. ते टिकवून धरणारे ॲप्रेमिलास्ट हे औषध कंडुरोगासोबतच्या (सोरायसिसच्या) संधिशोथात उपयोगी ठरले, संधिवाताभ संधिशोथात ठरले नाही.

मुलुंडच्याच केंद्राने १९८८ मध्ये डिसॉक्झायलम बायनेक्टॅरिफेरम या कडुनिंबाच्या कुलातील वृक्षापासून शोथरोधक व प्रतिरक्षेचे नियमन करणारे एक द्रव्य मिळविल्याचे प्रसिद्ध केले. ते रोहितुकीन होय. रोहितक वृक्षात ते आधी, १९७९ मध्ये, आढळले होते व त्यावरूनच हे नाव पडले. त्याच्या संरचनेत फेरफार करून फ्लॅव्होपिरिडॉल तयार करण्यात आले. कोशिका-विभाजन चालविणाऱ्या एंझाइमांना ते रोखते, असे दिसल्यावर त्याचा प्रवास कर्करोगाच्या दिशेने झाला. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये ते संधिशोथ झालेल्या उंदरांना दिले, तेव्हा संधिकलेची अनिर्बंध वाढ थांबली. सांध्यासाठी सुरू झालेला शोध कर्करोगात गेला व वीस वर्षांनी पुन्हा सांध्याजवळ आला. रुग्णापर्यंत तो पोहोचलेला नाही.

सायटोकाइनांचे ग्राही : १९८० नंतर संधिकलेतून डझनावारी सायटोकाइने (कोशिकांनी परस्परांना निरोप देण्यासाठी स्रवलेली प्रथिने) सापडू लागली. इतके निरोप्ये असताना त्यांपैकी एकाचे तोंड बंद करून काय साधणार, असा प्रश्न बहुतेकांना पडला होता. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयाशी संलग्न असलेल्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमान व लुधियाना येथे जन्मलेले रविंदर मैनी यांनी रुग्णांच्या संधिकलेच्या कोशिका काचपात्रात वाढविल्या व त्यांत टीएनएफ या एकाच सायटोकाइनाविरुद्धचे प्रतिपिंड मिसळले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात इंटरल्यूकीन-१ चे उत्पादनही घटले. टीएनएफ हा साखळीतील वरचा दुवा होता. १९९२ मध्ये प्रथम थोड्या रुग्णांना हे प्रतिपिंड (पुढे इन्फ्लिक्सिमॅब या नावाने प्रसिद्ध) टोचण्यात आले, तेव्हा अंथरुणास खिळलेले काही रुग्ण थोड्याच दिवसांत जिने चढू-उतरू लागले.

टीएनएफचे दोन ग्राही १९९० च्या सुमारास ओळखले गेले. त्यांपैकी एकाचा बाहेरील भाग प्रतिपिंडाच्या देठाला जोडून एटनरसेप्ट हे औषध बनविण्यात आले (१९९८). ग्राहीच येथे औषध झाला आहे. रक्तात तरंगणारे हे कृत्रिम ग्राही टीएनएफला वाटेतच गाठतात, त्यामुळे कोशिकांवरील खऱ्या ग्राहींपर्यंत तो पोहोचत नाही. कोशिकेपासून सुटलेल्या शाखा विषाला बाहेरच अडवितात, हे एर्लिख यांचे चित्र शंभर वर्षांनी कारखान्यात खरे झाले.

मात्र महाभक्षी कोशिका ज्या टीएनएफमुळे सांधा जाळतात, त्याच टीएनएफच्या बळावर त्या क्षयाच्या जंतूंना गाठींत कोंडून ठेवतात. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या रुग्णांत क्षयाची ७० प्रकरणे २००१ मध्ये नोंदविली गेली व त्यांतील पुष्कळांत रोग फुप्फुसांबाहेर पसरलेला होता. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात कित्येक प्रौढांच्या शरीरात सुप्त क्षयजंतू असतात, तेथे हा प्रश्न पुस्तकी नाही. औषध देण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र व सुप्त क्षयाची चाचणी करणे आणि जरूर पडल्यास आधी क्षयप्रतिबंधक औषधे देणे, हा येथील उपचाराचाच भाग झाला आहे. दुसरा अडसर किंमतीचा. एटनरसेप्टाशी समधर्मी असलेले औषध मुंबईच्या सिप्ला कंपनीने २०१३ मध्ये व ॲडालिमुमॅबाशी समधर्मी औषध अहमदाबादच्या झायडस कंपनीने २०१४ च्या अखेरीस भारतात विक्रीस आणल्यावर तो काहीसा कमी झाला. तरी मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला ही औषधे वर्षानुवर्षे परवडत नाहीत आणि मेथोट्रेक्सेटावरच भिस्त ठेवावी लागते.

टी कोशिकांचा वाद : १९९० मध्ये फायरस्टाइन व झ्वायफ्लर यांनी जुनाट झालेल्या रोगात टी कोशिकांचे महत्त्व कितपत, अशी शंका जाहीरपणे घेतली. संधिकलेत महाभक्षी कोशिकांची सायटोकाइने विपुल व टी कोशिकांची अगदी थोडी सापडत होती. टी कोशिकांवरील सीडी४ या रेणूविरुद्धची प्रतिपिंडेही रुग्णांत निष्प्रभ ठरली. या वादाचा निकाल सीडी२८ या दुसऱ्या ग्राहीमुळे लागला. टी कोशिकेच्या मुख्य ग्राहीने प्रतिजन ओळखला तरी सीडी२८ कडून दुजोरा मिळाल्याखेरीज ती कोशिका कामास लागत नाही. हा दुजोरा अडविणारे ॲबटासेप्ट २००५ मध्ये मान्य झाले व ते गुणकारी ठरले. टी कोशिका तर हव्याच होत्या. त्या गुप्तपणे, थोड्या संख्येने काम करीत होत्या.

याच ग्राहीने एक भीषण धडाही दिला. सीडी२८ ला प्रबळपणे चेतवून नियामक टी कोशिका वाढतील व संधिशोथ शमेल, या अपेक्षेने टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड बनविण्यात आले होते. १३ मार्च २००६ रोजी लंडनमध्ये सहा निरोगी स्वयंसेवकांना ते थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने टोचण्यात आले. तासा-दीड तासातच सर्वांना थंडी, वेदना व उलट्या सुरू झाल्या व पुढे सहाही जणांची अनेक इंद्रिये निकामी होऊ लागली. सर्व वाचले, परंतु एकाला हातापायांची बोटे गमवावी लागली. माकडांवरील चाचणीत यातील काहीही दिसले नव्हते. कारण ज्या स्मृतिधारक टी कोशिकांनी माणसांत हा उत्पात केला, त्यांच्यावर त्या माकडांत सीडी२८ ग्राही नसतो, असे मागाहून कळले. पहिल्या स्वयंसेवकाचा परिणाम पाहिल्याशिवाय दुसऱ्याला औषध देऊ नये, हा नियम त्यानंतर कडक झाला. तो आधीच का नव्हता, असे कोणासही वाटेल.

बी कोशिकांना लक्ष्य करणारे रिटुक्सिमॅब २००६ मध्ये या रोगासाठी मान्य झाले. जपानमध्ये तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने इंटरल्यूकीन-६ व त्याचा ग्राही शोधून काढला होता. तो ग्राही झाकणारे टोसिलिझुमॅब २००८ पासून तेथे संधिवाताभ संधिशोथात वापरात आले. करोना साथीच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, गोरेगावच्या नेस्को संकुलातील तात्पुरते रुग्णालय चालू असताना, याच औषधाच्या कुप्यांसाठी मुंबईभर नातेवाइकांची धावाधाव चालली होती. सांधेदुखीचे एक महागडे औषध म्हणून मोजक्या वैद्यांना ठाऊक असलेले नाव त्या दोन महिन्यांत घरोघर पोहोचले. ग्राहीला बाहेरून न झाकता त्याच्या आतील टोकाशी असलेली जॅक एंझाइमे रोखणारे टोफासिटिनिब २०१२ मध्ये मान्य झाले. ते गोळीच्या रूपात घेता येते. वयस्कर व धूम्रपान करणाऱ्या रुग्णांत त्याने हृदयविकार व रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो, असा इशारा २०२१ मध्ये देण्यात आला.

सिट्रुलीनविरोधी प्रतिपिंडे असलेल्या, सांधे दुखत असलेल्या परंतु अद्याप न सुजलेल्या व्यक्तींना ॲबटासेप्ट देऊन रोगच टाळता येईल काय, हे अलीकडे तपासण्यात आले. ब्रिटन व नेदरलँड्समधील २१३ व्यक्तींवर झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांना वर्षभर हे औषध देण्यात आले. त्या वर्षात औषध घेणाऱ्यांपैकी रोग जडलेल्यांची संख्या बरीच कमी होती. औषध थांबविल्यानंतरच्या वर्षात हा फरक घटत गेला.